लिव्हरच्या आजारात पाय दुखतात, रात्री गोळे येतात: नव्यानं निदान झालेल्या घरांसाठी

लिव्हर सिरॉसिस, म्हणजे लिव्हरवर व्रण पडून ते कठीण झालंय, असं कळलं की पहिल्या महिन्यात कानावर पडणारे शब्द ठरलेले असतात. पोटातलं पाणी, एंडोस्कोपी, प्लेटलेट, मीठ कमी करा. पायांचं कुणी विचारत नाही. पेशंटही आपणहून सांगत नाही, कारण लिव्हर पोटात आणि गोळा पोटरीत, त्यांचा काय संबंध असं त्याला वाटतं. संबंध आहे, आणि अगदी जवळचा आहे. सिरॉसिसमध्ये पेटके येणं ही सर्रास आढळणारी तक्रार आहे. झोप मोडते, दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकत राहते, आणि मग घरातलं कुणीतरी मायेनं मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून देतं. खरा धोका तिथून सुरू होतो. पेटक्यानं जीव जात नाही, पण पेटक्यावर केलेल्या घरगुती शहाणपणानं किडनी जाऊ शकते. म्हणून काय करायचं याच्याइतकंच काय टाळायचं तेही इथं लिहिते आहे.

आमच्या घरी आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फॅटी लिव्हरमधून सिरॉसिस झाला. दारूचा थेंब कधी घेतला नाही हे इथं मुद्दाम सांगावं लागतं, कारण कोल्हापुरात लिव्हरचं नाव काढलं की पुढचा प्रश्न ‘पीत होत्या काय ओ?’ हाच असतो. मधुमेह, वाढलेलं वजन, हिपॅटायटिस बी आणि सी यांतूनही सिरॉसिस होतो. मी डॉक्टर नाही. डोस ठरवायचा तो तुमच्या डॉक्टरांनीच. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि घरी परत आल्यावर काय करायचं, तेवढं मी सांगू शकते.

पहिली पायरी: दुखणं कुठल्या जातीचं, ते ओळखा

‘पाय दुखतात’ एवढ्यावर डॉक्टरांना काही करता येत नाही. त्यामुळे आधी घरीच नीट विचारा.

अचानक पोटरी किंवा तळवा दगडासारखा घट्ट होतो, बोटं वाकडी होतात, काही सेकंद ते काही मिनिटं प्राण कंठाशी येतो आणि मग सुटतं, तो पेटका. कुणी गोळा म्हणेल, कुणी वांब. बहुतेक वेळा रात्री येतो. हातांच्या बोटांत आणि बरगड्यांजवळही येऊ शकतो.

दिवसभर पाय जड, संध्याकाळी घोट्यापाशी सूज, बोटानं दाबलं की खळगा राहतो, हे अंगात साठलेलं पाणी. त्यात दोन्ही पाय सारखेच सुजतात.

तळव्यांची आग, मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, ही नसांची तक्रार. मधुमेह, दारू, बी१२ची कमतरता यांपैकी काहीतरी मागे असतं. इथं पेटक्याचे उपाय चालत नाहीत.

जिना चढताना मांड्या भरून येतात, पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, हा स्नायू झडल्याचा अशक्तपणा. याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जायला हवं. का, ते जेवणाच्या भागात येईल.

आता ज्यात घरी थांबायचंच नाही, त्या गोष्टी. एकच पाय सुजला, पोटरी गरम आणि दाबल्यावर दुखरी झाली, तर शिरेत गुठळी असू शकते. ‘लिव्हरच्या पेशंटचं रक्त पातळच असतं, त्याला गुठळी होत नाही’ हा गैरसमज आहे, होते. त्या पायाला मालीश अजिबात करू नका. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट १०८. सुजलेल्या पायावर लाल चट्टा पसरत चालला, ताप आला, तर त्वचेखाली जंतुसंसर्ग झालेला असतो आणि सिरॉसिसमध्ये तो झपाट्यानं चढतो. पायदुखीबरोबर माणूस असंबद्ध बोलायला लागला, दिवसा झोपून रात्री जागायला लागला, लघवी फारच कमी झाली, शौच डांबरासारखं काळं झालं, तर पाय बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

आणि एक खास आपल्याकडची गोष्ट. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. पंचगंगेचं पाणी चढलं की गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. पुराच्या पाण्यातून गेल्यावर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही, ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणं आणि डोळे लाल किंवा पिवळे झाले, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. आधीच सिरॉसिस असलेल्या घरात ‘कावीळ वाढली, लिव्हरच बिघडलं असेल’ म्हणून हे हुकतं. पुराच्या पाण्यात पाय घातला होता, हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा. पायाला जखम किंवा भेग असेल तर त्या पाण्यात उतरूच नये. नदीकाठच्या घरांनी पावसाळ्याआधी दोन-तीन आठवड्यांची औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावीत.

दुसरी पायरी: रात्री गोळा आला, आता काय?

घाबरून पोटरी चोळत बसू नका. आधी ताणायचं, चोळायचं नंतर.

१. गुडघा सरळ करा आणि पायाची बोटं नडगीच्या दिशेनं, म्हणजे स्वतःकडे ओढा. वाकवत नसेल तर तळव्याखालून टॉवेल किंवा ओढणी घालून दोन्ही हातांनी ओढा. घरातलं कुणी मदतीला असेल तर त्यानं टाच एका हातात धरून तळवा हळूहळू वर दाबावा. हिसका नको.

२. गोळा मांडीच्या मागच्या बाजूला असेल तर पाय सरळ ताणून ठेवा. पुढच्या बाजूला असेल तर उलट, गुडघा वाकवून टाच कुल्ल्याकडे न्या.

३. सुटू लागला की कॉटच्या कडेला बसून दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकवा. आधार घेऊन उभं राहता आलं तर राहा, चार पावलं टाका. ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांचं डोकं मधूनच गोंधळतं, त्यांनी अंधारात एकट्यानं उठायचं नाही. सिरॉसिसमध्ये हाडंही ठिसूळ होतात, पडणं परवडत नाही. कॉटपाशी दिव्याचं बटण हाताला येईल असं करून घ्या.

४. मग हलक्या हातानं चोळा, कोमट पाण्याचा शेक द्या. पायाला बधिरपणा असेल तर शेकाच्या पिशवीचं तापमान दुसऱ्या कुणीतरी आधी स्वतःच्या मनगटावर पाहावं, कारण पेशंटला चटका कळणारच नाही.

आणि आता लोणचं. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये सिरॉसिसच्या ८२ पेशंटवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांनी पेटका आल्याबरोबर लोणच्याचं पाणी घोटभर, म्हणजे साधारण एक मोठा चमचा प्यायचं, निम्म्यांनी नळाचं पाणी. लोणच्याच्या पाण्यानं दुखण्याची तीव्रता बरीच कमी झाली. ते मीठ रक्तात पोचायच्या आधीच आराम पडतो, म्हणून आंबट पाणी घशाला लागताच तिथल्या नसांमधून स्नायू सैल करण्याचा इशारा जात असावा असं मानतात. हे वाचून आपली कैरीच्या लोणच्याची बरणी उघडू नका! ते लोणचं म्हणजे काकडी मुरवलेलं व्हिनेगर आणि मिठाचं पाणी. आपल्या बरणीत असतं तेल, मोहरी, तिखट आणि त्याच्या कितीतरी पट मीठ. काकडीचं तसं पाणी करून पाहायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, गोळा आल्यावरच, एक चमचा. आत्यांना त्याची चव सोसली नाही. म्हणाल्या, ‘ह्यापरीस गोळा बरा.’ त्यामुळे आमचा अनुभव इथंच संपतो.

गोळे का येतात, थोडक्यात

पूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राकडेही नाही, पण तीन धागे बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. सिरॉसिसमध्ये स्नायूंना जाणाऱ्या नसा लवकर चेतवल्या जातात. स्नायूला सैल व्हायलाही ऊर्जा लागते आणि ती कमी पडते. तिसरं, अंगात पाणी भरपूर पण रक्तवाहिन्यांत कमी, ते पोटात आणि पायांत जाऊन बसलेलं, त्यामुळे क्षारांचा तोल ढळतो. यात लघवी वाढवणाऱ्या औषधांची भर पडते. म्हणजे फक्त ‘कॅल्शियम कमी असेल’ म्हणून एक गोळी सुरू करून हे सुटणारं नाही.

तिसरी पायरी: मेडिकलच्या काउंटरवर जायच्या आधी

हा भाग दोनदा वाचा.

आपल्याकडे पाय दुखला की डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नाहीतर निमेसुलाइड. बऱ्याचदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत. दुकानदार चिठ्ठी न मागता देतो. गल्लीतला डॉक्टर कंबरेत इंजेक्शन देतो, तेही बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकच. सिरॉसिसमध्ये, आणि त्यातही पोटात पाणी असेल तर, ही सगळी औषधं वर्ज्य. कारण असं: सिरॉसिसमध्ये किडनीकडे जाणारं रक्त आधीच तुटपुंजं असतं आणि शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याच्या जोरावर तो प्रवाह कसाबसा टिकवून असतं. ही औषधं नेमकं तेच द्रव्य बनू देत नाहीत. त्यातून किडनी बंद पडू शकते, लघवीची औषधं काम करेनाशी होतात, आणि जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. निमेसुलाइड तर स्वतःच लिव्हरला इजा करणारं म्हणून ओळखलं जातं.

मग गंमत अशी, की ज्या पॅरासिटामॉलला लोक ‘लिव्हरला वाईट’ म्हणून घाबरतात, तेच सिरॉसिसच्या पेशंटला योग्य प्रमाणात सगळ्यात सुरक्षित पडतं. दिवसभरात २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चारपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा डॉक्टर साधारण घालतात. दारू चालू असेल किंवा पोटात अन्नच जात नसेल तर त्याहूनही कमी. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरा. मात्र पॅरासिटामॉलनं पेटका थांबत नाही, नंतर उरलेली ठणक कमी होते एवढंच. साधा बाम वरून चोळायला हरकत नाही. वेदनाशामक मलम रोज आणि मोठ्या भागावर लावणार असाल तर विचारून लावा, कारण थोडं त्वचेतून आत जातंच.

झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली औषधं यांपासूनही लांब. त्यांनी सुस्ती आणि बद्धकोष्ठ येतं, बद्धकोष्ठानं रक्तात अमोनिया हे विषारी द्रव्य वाढतं, आणि माणूस गुंगीत जातो.

काढे आणि चूर्णं हा नाजूक विषय आहे. घरोघरी वैद्यकी आहे आणि प्रत्येक पाहुणा काहीतरी सुचवून जातो. ‘नैसर्गिक आहे, त्रास काय होणार?’ कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या काही जणांना लिव्हरला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेपही घेतला, वाद झाला. अश्वगंधेनंतर लिव्हर बिघडल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांतून आहेत. काही भस्मांमध्ये शिसं आणि पारा सापडलेला आहे. निरोगी माणसानं काय घ्यावं हा त्याचा प्रश्न. सिरॉसिस असलेल्या लिव्हरवर प्रयोग करू नये, एवढं माझं ठाम मत. पाहुण्यांना आम्ही एकच उत्तर देतो, ‘डॉक्टरांना विचारतो.’ त्यानं कुणी दुखावत नाही.

चौथी पायरी: लघवीच्या गोळ्या, पोटॅशियम आणि नारळपाणी

पोटातलं आणि पायातलं पाणी कमी करायला बहुतेकांना स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड अशी दोन औषधं असतात, कधी एकत्र एकाच गोळीत. पेटके वाढायला तीही कारणीभूत ठरतात. म्हणून कुणी म्हणतं, ‘गोळी बंद करून बघू.’ नको. बंद केली की चार-आठ दिवसांत पोट परत भरतं. डोस कमी करायचा का, हे डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघून ठरवतील. तुमचं काम वजन लिहिणं. रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त आणि सूज असेल तर एक किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल, तर पाणी गरजेपेक्षा वेगानं निघतंय. मग गोळे येणारच. त्याच दिवशी फोन करा. आणि या गोळ्या सकाळीच घ्या, म्हणजे रात्रभर उठावं लागणार नाही.

इथं आणखी एक गल्लत होते. या दोन औषधांचा रक्तातल्या पोटॅशियम या क्षारावर एकमेकांच्या उलट परिणाम होतो. फ्युरोसेमाइडनं ते घटतं, स्पायरोनोलॅक्टोननं वाढतं. तुमच्या रक्तात नेमकं काय चाललंय हे तपासणीशिवाय कळत नाही. आणि आपल्याकडे गोळे आले की सल्ला काय मिळतो? ‘नारळपाणी द्या, केळी खायला घाला.’ नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे, किडनी थोडी मंद आहे, आणि वर रोज दोन शहाळी, तर पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतील. मीठ कमी करायचं म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणणाऱ्यांनी पुडीवर वाचावं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. तेही चालत नाही. ओआरएस आणि इलेक्ट्रॉल यांत सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतात. जुलाब होत असतील तर वेगळी गोष्ट, पण पेटक्यांवर टॉनिक म्हणून ते पाजू नका.

लॅक्टुलोजचं, म्हणजे शौच साफ ठेवणारं, पातळ औषध चालू असेल तर शौचाची मोजणी ठेवा. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच हे उद्दिष्ट असतं. सात-आठ वेळा पातळ होत असेल तर पाणी आणि क्षार वाहून जातात आणि पाय आखडतात. तिथंही औषध बंद नाही करायचं, मात्रा विचारायची.

पाचवी पायरी: ताट

सिरॉसिसच्या पेशंटची एक रात्र उपाशी गेली, तर शरीराच्या हिशेबात ती निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणासारखी असते. लिव्हरमध्ये साखरेचा साठा राहत नाही, म्हणून रात्री शरीर स्नायू तोडून ऊर्जा काढतं, घरातलं सरपण संपलं म्हणून दाराची फळी चुलीत घालावी तसं. तो स्नायू म्हणजे तुमच्या मांड्या आणि पोटऱ्या. आणि रक्तातला अमोनिया निपटायचं थोडं काम स्नायूही करत असतो. त्यामुळे स्नायू गेला की पाय जातात आणि डोकंही गुंगतं.

त्यावरचा उपाय इतका साधा आहे की लोक त्याला उपाय मानतच नाहीत. झोपायच्या आधी खायचं. संध्याकाळी सातला जेवून सकाळी नऊला चहा, हे चालणार नाही. रात्री दहाच्या सुमाराला दूध-भाकरी, दुधात शिजवलेला दलिया, शेंगदाण्याचा लाडू आणि कपभर दूध, असं काहीतरी पोटात जायला हवं. मधुमेह असेल तर गोड टाळून भाकरी किंवा दलिया. आत्यांचे गोळे पूर्ण गेले असं मी म्हणणार नाही, पण रात्रीचं खाणं नियमानं सुरू झाल्यावर सकाळची ती गळाल्यासारखी अवस्था कमी झाली.

प्रथिनं बंद करा, असा सल्ला अजून ऐकू येतो. तो जुना झाला. आता वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज द्यावीत असं सांगतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. हा आकडा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. एका अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम असतात, यावरून अंदाज घ्या. मटकीची उसळ, डाळ, दूध, दही, ताक, अंडी, चिकन, मासे, पनीर असं दिवसभरात पाच-सहा वेळा विभागून जमवावं लागतं.

आता कोल्हापूरचा प्रश्न, म्हणजे मिठाचा. पोटात पाणी असेल तर दिवसाला साधारण ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा, सगळ्या पदार्थांत मिळून. मटण वाईट नाही, मटणाची फोड तर प्रथिनंच. मीठ आणि तेल असतं रश्श्यात, आणि आपण तर तांबडा-पांढरा वाटीनं ओरपणारे लोक. फोडी खाव्यात, रस्सा भाकरी ओली होण्यापुरता. मिसळीत फरसाण, कट आणि पाव तिघांतही मीठ. भडंग, पापड, लोणचं, ठेचा बाजूला. आणि सगळ्यात लपलेलं मीठ कांदा-लसूण चटणीत असतं. ती घातल्यावर भाजीत वेगळं मीठ घालतो तेव्हा दुप्पट होतं हे ध्यानातच येत नाही. आम्ही उन्हाळ्यात चटणी कांडपाला द्यायच्या आधी किलोभर बिनमिठाची वेगळी काढतो. टिकायला ती फ्रीजमध्ये ठेवावी लागते, पण तिखटाची चव शाबूत राहते आणि जेवण गळ्याखाली उतरतं. आळणी अन्न समोर ठेवून पेशंट जेवणच सोडतो, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

गंगावेशीतलं धारोष्ण दूध हा अभिमानाचा विषय आहे, पण सिरॉसिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी असते. कच्चं दूध नको. घरी आणा, उकळा, प्या.

उपास हा शेवटचा आणि अवघड मुद्दा. जोतिबाचा रविवार, संकष्टी, एकादशी आणि नवरात्राचे नऊ दिवस, बायकांचे तर संपतच नाहीत. डॉक्टरांनी ‘उपास बंद’ म्हटल्यावर आत्या गप्प बसल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, ‘अंबाबाईचा तेवढा धरणार.’ आम्ही वाद घातला नाही. पदार्थ उपासाचे ठेवले, पण दर तीन तासांनी खायचं ठरवलं: दूध, दही, राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी कमी मिठाची, आणि झोपताना परत दूध. नुसता साबुदाणा नको, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. निर्जळी तर मुळीच नाही.

सहावी पायरी: चालणं, ताणणं, चप्पल

झोपायच्या आधी पोटऱ्या ताणा. भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभं राहा, तळहात भिंतीवर, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पुढे झुका. अर्धा मिनिट. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा. उभं राहवत नसेल तर बसून टॉवेलनं. वयस्कर माणसांत झोपण्याआधीच्या या ताणण्यानं रात्रीचे पेटके कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे, आणि याला पैसे लागत नाहीत.

दिवसा चाला. रंकाळ्याची कडेची वाट सपाट आहे, बसायला जागा आहे, दमलं की थांबता येतं. जोतिबाच्या पायऱ्या तूर्त नकोत. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दिवसातून दोन-तीनदा जमेल तितकं, हा मांड्यांसाठी उत्तम व्यायाम. अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतील तर जड वजन उचलणं, जोर लावून दम कोंडणं टाळा.

तालमीचं गाव असल्यानं मालीशवाले ओळखीचे असतात आणि ‘एकदा रगडून घ्या, नसा मोकळ्या होतील’ असं सांगणारेही. पैलवानाची मालीश सिरॉसिसच्या पेशंटला नको. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट कमी असतात, काळेनिळे डाग पडतात. घरच्या माणसानं खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा, तेवढं पुरे. त्यानं त्वचाही भेगाळत नाही.

सूज असेल तर दुपारी तास-दोन तास आडवं पडून पायाखाली उशा घ्या. खुर्चीत बसून स्टुलावर पाय ठेवणं त्यापेक्षा कमी कामाचं. पुण्या-मुंबईला तपासणीसाठी एसटीनं जाताना घोटे वर-खाली हलवत राहा. घट्ट मोजे डॉक्टरांना विचारूनच. आणि कोल्हापुरी चप्पल, लिहिताना जिवावर येतंय, पण सुजलेल्या पायाला नको. नवी असताना अंगठ्याला आणि पट्ट्याखाली चावते, त्या छोट्या जखमेतून जंतू शिरतात. मऊ तळव्याची, मागून पट्टा असलेली सँडल घ्या, तीही संध्याकाळी, पाय सुजलेले असताना मापाची.

सातवी पायरी: डॉक्टरांपुढे

एका वहीत आठवडाभर लिहा: गोळा कधी आला, कुठं, किती वेळ, दहापैकी किती दुखलं, त्या दिवशी वजन किती, शौच किती वेळा. आणि सगळ्या औषधांच्या रिकाम्या पाकिटांसकट पिशवी न्या, काढा-चूर्णासकट. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, काही ब्लडप्रेशरची औषधं यांनीही पाय दुखतात. ती पिशवी पाहिल्यावरच हे लक्षात येतं.

विचारा: सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, कॅल्शियम, मॅग्नेशियम, साखर, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, बी१२ यांतलं काय तपासायचं? कमतरता सापडली तर ती भरून काढणं ही पहिली गोष्ट. तरीही पेटके थांबले नाहीत तर डॉक्टरांकडे पर्याय असतात. टॉरिन, ब्रँच्ड चेन अमिनो अ‍ॅसिडची पावडर, झिंक, थोड्या मात्रेत बॅक्लोफेन, काही पेशंटना शिरेतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन). बॅक्लोफेननं सुस्ती येऊ शकते, म्हणून ज्यांना आधी गुंगीचा त्रास झालाय त्यांनी ते आवर्जून सांगावं. क्विनीन पूर्वी पेटक्यांसाठी सर्रास देत. त्यानं प्लेटलेट घसरणं आणि हृदयाची लय बिघडणं असे गंभीर त्रास होतात, म्हणून आता त्यासाठी ते देऊ नये असं मानतात. कुणाच्या घरी जुनी पट्टी असेल तर मागून घेऊ नका.

खर्चाचं थोडं. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मेडिसिनची ओपीडी आहे, तिथून सुरुवात करता येते. दाखल व्हावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. हिपॅटायटिस बी किंवा सीमुळे सिरॉसिस असेल तर त्यावरची औषधं २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. लघवीच्या गोळ्यांसारखी रोजची औषधं जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, आणि तिथं काउंटरवर कुणी ‘पायदुखीवर ही एक घेऊन बघा’ म्हटलं, तर लिव्हरचा पेशंट आहे हे आधी सांगा.